नहरीचे मुख

छत्रपती संभाजीनगरास येणारा प्रवासी प्रथम बिबी का मकबरा पाहतो, मग पाणचक्कीकडे वळतो, आणि वेळ उरलाच तर दिल्ली दरवाजा किंवा भडकल दरवाजा यांच्यासमोर क्षणभर उभा राहतो. बावन्न दरवाजांचे शहर अशी या नगराची ख्याती आहे. त्यांपैकी पुष्कळ दरवाजे आज नाहीसे झाले आहेत. तरी जे उरले आहेत ते निदान डोळ्यांना दिसतात. त्यांचा एखादा चिरा निखळला, तर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या ते ध्यानात येते आणि चार माणसे हळहळतात. परंतु या नगराची जी सर्वांत थोर वास्तू, ती दिसतच नाही. ती जमिनीच्या पोटात आहे.

मलिक अंबर हा निजामशाहीचा कर्तबगार वजीर. त्याचा जन्म आफ्रिकेतील हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मनुष्य दख्खनेत आला आणि बुद्धीच्या व तलवारीच्या बळावर राज्याचा कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी या गावी नवे नगर वसवले. पुढे त्याचे फतेहनगर झाले, १६५३ साली औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलत गेली. तहान मात्र तीच राहिली.

खडकी हे नावच भूमीचे वर्णन करते. खाली काळा खडक, जवळ खाम नावाची लहानशी नदी, आणि उन्हाळा कडक. अशा ठिकाणी राजधानीएवढ्या वस्तीला पाणी कोठून द्यावे? मलिक अंबराने उत्तरेकडील डोंगरांकडे पाहिले. त्या डोंगरांच्या पायथ्याशी पावसाचे पाणी मुरते आणि भूगर्भात साठून राहते. ते झिरपते पाणी गोळा करून, जमिनीखालून बांधलेल्या पाटाने शहरात आणावयाचे, अशी त्याची योजना होती. हीच नहर-ए-अंबरी. इराणात अशा भूमिगत पाटांना कनात म्हणतात. तेथील कनातांचा २०१६ साली जागतिक वारशात समावेश झाला. आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपुरातही अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातील अशीच व्यवस्था आहे.

नहरीचे सारे मर्म तिच्या उतारात आहे. उतार जास्त झाला तर पाणी वेगाने वाहून बांधकाम खरवडते. कमी झाला तर गाळ साचतो. तो अचूक साधल्यामुळे येथे मोट नको, रहाट नको, बैल नकोत. पाणी आपल्याच भाराने डोंगरापासून दारापर्यंत येते. पाट जमिनीखाली असल्याने उन्हाने आटत नाही. वाटेत अंतराअंतरावर विहिरीसारखी उभी मुखे ठेवलेली असत. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ काढण्यासाठी माणसाला आत उतरता येई. शहरात आल्यावर पाणी खापरी नळांतून आणि उंच बांधलेल्या खांबांतून वस्तीवस्तीच्या हौदांना पोहोचे. पुढच्या काळात आणखी नहरी बांधल्या गेल्या.

पाणचक्कीचे पाणीही असेच एका स्वतंत्र नहरीने डोंगरातून येई. उंच भिंतीवरून ते हौदात कोसळे, आणि त्याच पाण्याच्या जोराने खाली आडवे बसविलेले पात्यांचे चाक फिरून वरचे जाते चाले. दर्ग्यात उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी तेथे धान्य दळले जाई. त्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. ऐन वैशाखात त्या दालनात पाऊल टाकावे आणि मग बाहेरच्या उन्हात यावे, म्हणजे बांधणाऱ्याचे शहाणपण अंगालाच कळते.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो. पण ती तुमच्यापासून लपवावी असे वाटत नाही.

मी जुन्या वस्तीतील एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात दगडी कठड्याचे एक मुख होते. आम्ही सारे त्याला पडका आड समजत होतो. खेळताना एखादे मूल त्यात पडेल, ही धास्ती मला नेहमी लागलेली असे. एका उन्हाळ्याच्या सुटीत शाळेची डागडुजी निघाली, तेव्हा उरलेले दगड, विटा आणि माती त्यात टाकून ते बुजवून टाकण्यास मी सांगितले. काम एका दिवसात झाले आणि माझ्या मनावरचे ओझे उतरले.

शाळा उघडल्यानंतर काही दिवसांनी पलीकडच्या गल्लीतील एक वृद्ध गृहस्थ मला भेटावयास आले. त्यांच्या वाड्यातील हौदाला पिढ्यान् पिढ्या पाणी येत होते. ते आधी गढूळ झाले, मग बारीक झाले, आणि शेवटी थांबले. रागावून बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते एवढेच म्हणाले, “गुरुजी, ती विहीर नव्हती. ते नहरीचे मुख होते. तुम्ही आमचे पाणी बुजवलेत.”

मी लगेच गवंड्यांना बोलावले. त्यांनी दोन दिवस खटपट केली. पण वरचा भराव निघाला तरी खाली गेलेले दगड पाटातच अडकून बसले होते. ते काढावयास आत उतरण्याची वाट होती ती त्या मुखातूनच, आणि तीच मी बंद केली होती. मूल पडू नये म्हणून वर लोखंडी जाळी बसविली असती, तरी पुरे होते. अर्ध्या दिवसाचे ते काम होते. मी इतिहास शिकविलेला मनुष्य. मलिक अंबराच्या सनावळ्या मला तोंडपाठ होत्या. पण माझ्या पायांखाली काय आहे, हे मी कोणाला विचारले नव्हते.

नहरीची हानी बहुतेक ठिकाणी अशीच झाली आहे. शत्रूने तोफा लावून ती फोडली नाही. कोणी घराचा पाया खणला, कोणी सांडपाणी आत सोडले, कोणी कूपनलिका घेऊन भूगर्भातले पाणीच खाली नेले. मकबऱ्याभोवती कुंपण घालता येते, पहारेकरी ठेवता येतो, १९५८ च्या अधिनियमाचा फलक लावता येतो. कोसभर लांबीच्या, घरांखालून आणि रस्त्यांखालून जाणाऱ्या नहरीला कुंपण कोठे घालणार? तिची मुखे ज्यांच्या अंगणात आहेत, तेच तिचे पहारेकरी.

आज नगराला पाणी येते ते पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून. पन्नासेक किलोमीटरवरून ते विजेच्या पंपांनी वर चढवावे लागते. गेल्या कित्येक उन्हाळ्यांत दोन पाण्यांत अनेक दिवसांचे अंतर पडत आले आहे. एवढ्या वाढलेल्या नगराची तहान एकट्या नहरींनी भागेल, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण ज्या वाड्यांना ते पाणी मिळत होते, त्यांना तरी ते मिळत राहिले असते.

निवृत्तीनंतर एकदा मी त्या शाळेत गेलो. कोपऱ्यात आता सिमेंटचा ओटा आहे. मधल्या सुटीत काही मुले त्यावर बसून डबा खात होती. या ओट्याखाली काय आहे, असे मी त्यांना विचारले. “काही नाही सर, माती आहे,” एकजण म्हणाला. मग मी त्यांच्याशेजारी बसलो आणि घंटा होईपर्यंत त्यांना नहरीची हकिकत सांगितली. माझी चूकही सांगितली. मुले वर्गाकडे पळाली. एक मुलगी तेवढी मागे राहिली. तिच्या आजीच्या घरी मागच्या अंगणात असेच एक दगडी तोंड आहे, आणि त्यावर पत्रा झाकलेला आहे, असे ती म्हणाली. ते बुजविण्याचा विचार घरात चालू होता.

मी तिच्याकडून घराचा पत्ता विचारून घेतला आणि त्याच संध्याकाळी तिकडे गेलो.