गच्चीवरचा वारा घराला पुरेल का?

प्रश्न : आम्ही विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून थोडं आत, पाच मजली सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतो. गच्चीवर इतका वारा असतो की चिमटे लावूनही कपडे उडतात. महिन्याला साधारण 180 युनिट वीज लागते. मुलगा पॉलिटेक्निकला आहे. जुन्या पंख्यापासून पवनचक्की बनवण्याचे व्हिडिओ पाहून तशी एक आपणही करावी, असं आम्हा दोघांच्या मनात आहे. बिल किती कमी होईल? साहित्य काय लागेल? परवानगी लागते का? आमचं गाव पाटण तालुक्यात, पठाराच्या कडेला आहे. तिथं बसवली तर जास्त उपयोग होईल का?
– एक वाचक, विश्रांतवाडी

उत्तर : बिलात जाणवेल असा फरक पडणार नाही. खर्चाला हात घालण्याआधी हे कळलेलं बरं, म्हणून सुरुवातीलाच सांगतो. तरीही पवनचक्की जरूर करा. बापलेकांनी मिळून करावं असं याच्याइतकं चांगलं काम क्वचित सापडतं. फक्त ती कशासाठी करायची आणि कुठे उभी करायची, हे आधी नीट ठरवायला हवं.

वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते, निम्म्यावर आला की आठव्या हिश्शावर येते. घरगुती पवनचक्कीचं सगळं गणित या एका नियमावर उभं आहे.

तुमच्यापुरता हिशोब करून पाहू. पात्यांच्या टोकांनी आखलेलं वर्तुळ 2 मीटर व्यासाचं धरा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे इथली हवा किंचित विरळ, एका घनमीटरला साधारण 1.1 किलो भरते. वारा सेकंदाला 3 मीटर वेगाने वाहत असेल, तर त्या वर्तुळातून जाणाऱ्या हवेत जेमतेम 47 वॅट असतात. तेही सगळे हाती लागत नाहीत. हवेतली सगळी शक्ती काढून घ्यायची तर हवा पात्यांपाशीच थांबली पाहिजे, आणि ती थांबली तर मागून येणाऱ्या हवेला वाट कुठली? जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभरेक वर्षांपूर्वी याची कमाल मर्यादा काढली, ती 59 टक्क्यांच्या आसपास आहे. घरी बनवलेल्या यंत्राची पाती, बेअरिंग, वाइंडिंग, वायरी या सगळ्यांतली गळती धरली, तर पाव हिस्सा मिळाला तरी काम उत्तम झालं म्हणायचं. म्हणजे 12 वॅट, एका एलईडी बल्बापुरते.

सरासरी 3 मीटर असली तरी मधूनमधून जोराचे झोत येतात आणि घनाच्या नियमामुळे ते चांगली भर घालतात. त्यांच्यासाठी उत्पन्न दुप्पट धरलं, तरी महिन्याला 17 युनिटच्या पुढे आकडा जात नाही. हेच यंत्र सलग 10 मीटर वेगाच्या वाऱ्यात 430 वॅटच्या आसपास देईल. पण असा वारा विश्रांतवाडीला वर्षातून किती वेळ मिळतो? जून ते ऑगस्ट पश्चिमेकडून बऱ्यापैकी सलग वारा असतो, ऑक्टोबरनंतर तो मंदावतो, आणि डिसेंबरच्या पहाटे शेकोटीचा धूरसुद्धा जमिनीलगत रेंगाळतो.

मग कपडे का उडतात? तुमचं निरीक्षण खरं आहे. वारा इमारतीच्या भिंतीवर आदळतो, कठड्यावरून उसळतो आणि गच्चीवर गिरक्या घेत पसरतो. अंगाला तो जोराचा लागतो, पण त्याची दिशा क्षणाक्षणाला बदलते. पवनचक्कीचं तोंड त्याच्याकडे वळेपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असतो. या ओढाताणीत वीज थोडी आणि बेअरिंगची झीज फार. एका लांब बांबूला दर 2 फुटांवर हलक्या प्लॅस्टिकच्या फिती बांधून तो पावसाळी वाऱ्यात गच्चीवर उभा धरा. खालच्या फिती कधी इकडे, कधी तिकडे फडफडतील, वरच्या त्या मानाने एका दिशेला राहतील. जिथून फिती शांतपणे एकाच बाजूला ताणलेल्या दिसतात, तिथून कामाचा वारा सुरू होतो. या क्षेत्रातली माणसं एक ठोकताळा पाळतात : दीडशे मीटरच्या परिसरात जे सगळ्यात उंच असेल, त्याच्याही 10 मीटर वर पवनचक्की हवी. तुमच्या आजूबाजूच्या इमारती आणि त्यांच्या पाण्याच्या टाक्या पाहिल्या, तर असा खांब सोसायटीत उभा करणं शक्य नाही हे तुमच्या लक्षात येईल.

इमारतीवर पवनचक्की बसवण्याचा प्रयोग ब्रिटनमध्ये 2007-08 मध्ये व्यवस्थित मोजून झाला आहे. वॉरिक ट्रायल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पाहणीत इमारतींवर बसवलेल्या 26 छोट्या पवनचक्क्या अभ्यासल्या गेल्या. दिवसाचं सरासरी उत्पादन निघालं 214 वॅट-तास, म्हणजे पाच दिवसांत जेमतेम एक युनिट. तो देश पुण्यापेक्षा कितीतरी जास्त वाऱ्याचा आणि ती यंत्रं कारखान्यात बनलेली होती. उंच इमारतींवरची काही यंत्रं त्यातल्या त्यात चांगली चालली, पण आवाजाच्या तक्रारी आल्या म्हणून ती बंद ठेवावी लागली.

बिलच कमी करायचं असेल तर त्याच गच्चीवर सौर पॅनेल लावा. पुण्यात 1 किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतात आणि त्याला साधारण 100 चौरस फूट जागा लागते. तुमच्या 180 युनिटला 2 किलोवॅट पुरेसे आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30,000 रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप अशा सामायिक विजेसाठी सोसायटीलाही दर किलोवॅटला 18,000 रुपये मिळतात. गच्ची सगळ्यांची असल्यामुळे हा विषय सर्वसाधारण सभेत मांडा.

आता मुलाबरोबर करायच्या पवनचक्कीकडे वळतो.

व्हिडिओत न सांगितली जाणारी गोष्ट अशी की साध्या छताच्या पंख्यात चुंबक नसतात. तो नुसता फिरवून वीज मिळत नाही. आतला भाग लेथवर कापून त्यात निओडिमियमचे चुंबक चिकटवावे लागतात, आणि पहिल्या प्रयत्नाला ते किचकट आहे. नव्या बीएलडीसी पंख्यात चुंबक असतात, पण ती मोटर फार लहान. त्यापेक्षा इलेक्ट्रिक सायकलच्या चाकातली 250 वॅटची, गिअर नसलेली हब मोटर मिळवा. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारलीत तर तिथं नशीब काढता येईल. रेक्टिफायर, फ्यूज, वायर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत मिळेल. पात्यांसाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून गाठी नसलेलं, सरळ रेषांचं हलकं लाकूड आणा. पीव्हीसी पाइप चिरून केलेली पाती सोपी वाटतात, पण पुण्याच्या उन्हात ती कडक होतात आणि मग तडकतात.

मोटर घेतानाच तपासा. तिच्यातून तीन जाड वायरी बाहेर येतात. टोकं मोकळी ठेवून आस हाताने फिरवा, तो सहज फिरेल. मग तिन्ही टोकं एकत्र पिळून पुन्हा फिरवा. मोटर एकदम जड लागली, घट्ट मधात फिरवल्यासारखी, तर चुंबक आणि वाइंडिंग दोन्ही शाबूत आहेत. हाच पुढे तुमचा ब्रेकही होणार आहे. खांबाच्या पायथ्याशी तिन्ही वायरी जोडणारा एक दणकट स्विच बसवा. तो दाबला की साध्या वाऱ्यात पाती मंदावून जवळपास थांबतात.

पाती तीन ठेवा, प्रत्येकी 60 सेंटीमीटरची. तिन्हींचं वजन तर सारखं हवंच, शिवाय प्रत्येक पातं सुरीच्या धारेवर आडवं ठेवलं तर ते एकाच ठिकाणी तोललं गेलं पाहिजे. पॉलिश पेपर घेऊन बसा, या कामाला घाई करू नका. पात्यात पीळ हवा : मुळाशी कोन जास्त, टोकाशी अगदी थोडा. कारण टोक वाऱ्याच्या पाच-सहा पट वेगाने पळतं. 10 मीटरच्या वाऱ्यात टोकाचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या घरात जातो. हा आकडा मुलाला आवर्जून सांगा, म्हणजे पाती फिरत असताना त्या रेषेत कुणी का उभं राहायचं नाही, ते त्याला पटेल.

मोटरकडून येणारी वीज रेक्टिफायरमधून 12 व्होल्टच्या बॅटरीत जाते. इथं बरेच जण सौर पॅनेलचा चार्ज कंट्रोलर जोडतात. तो चालत नाही. बॅटरी भरली की तो जोडणी तोडतो, पॅनेलला त्याने काही होत नाही, पण पवनचक्कीवरचा भार गेला की ती बेफाम फिरते. जादा वीज एखाद्या तापणाऱ्या रेझिस्टरमध्ये वळवणारा, पवनचक्कीचाच कंट्रोलर घ्या. मोठ्या वाऱ्यात यंत्राने आपणहून अंग चोरावं म्हणून शेपूट तिरक्या बिजागरीवर बसवतात. जोर वाढला की पाती बाजूला वळतात, वारा ओसरला की शेपटीच्या वजनाने पुन्हा समोर येतात. स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉट यांनी ही रचना साध्या वर्कशॉपमध्ये जमेल अशा रीतीने जगभर शिकवली.

एवढं करून 5 मीटरच्या वाऱ्यात 20 वॅट मिळतील. मोबाइल आणि रात्रीचा एक दिवा इतकं त्यावर चालेल.

परवानगीचं म्हणाल तर सोसायटीची लेखी संमती हवीच. शिवाय तुम्ही लोहगावच्या हवाई दलाच्या तळाजवळ राहता. तिथं इमारतीची परवानगीयोग्य उंची समुद्रसपाटीपासून मोजतात आणि त्यात टाकी, लिफ्टची खोली, अँटेना, खांब सगळं धरलं जातं. इमारतीच्या ना-हरकत पत्रावरचा आकडा पाहिल्याशिवाय एक फूटही वर जाऊ नका. खांब स्लॅबला किंवा कठड्याला जखडला तर त्याची घरघर थेट खालच्या घरात, म्हणजे तुमच्याच झोपायच्या खोलीत उतरेल. वळवाच्या पावसाआधी सुटणाऱ्या सोसाट्यात पातं निखळलं तर खाली रस्ता आहे, खेळणारी मुलं आहेत. म्हणून माझा आग्रह आहे की गच्चीवर फक्त वारा मोजा, पवनचक्की तिथं कायमची बसवू नका. उभ्या आसाची पवनचक्की शहरात चालते असं विक्रेते सांगतात. ती कुठल्याही दिशेचा वारा घेते हे खरं, पण मुळात वाऱ्यात शक्तीच कमी असेल तर आस उभा असो की आडवा, हिशोब तोच राहतो.

तुमच्या गावाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं. पाटण तालुक्यातलं वनकुसवडे पठार आणि शेजारची चाळकेवाडी इथं उगाच शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या नाहीत. अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा सह्याद्रीच्या भिंतीवर चढताना माथ्यावर दाटतो आणि वेग घेतो. वर झाडी विरळ, इमारती नाहीत. महाराष्ट्राचा पवनऊर्जेशी संबंध जुना आहे. 1986 मध्ये देशात जे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प झाले, त्यांतला एक कोकणात देवगडला होता. घरगुती वापराची कल्पना तर त्याहून जुनी. 1887 मध्ये ग्लासगोचे प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी आपल्या सुट्टीच्या घराच्या बागेत पवनचक्की उभारली आणि बॅटऱ्या भरून त्यावर घरात दिवे लावले. तेही गावाकडचंच घर होतं, हे लक्षात घ्या.

पठारावर वर्षाची बहुतेक वीज मे ते सप्टेंबरमध्येच मिळते. नेमक्या त्याच महिन्यांत ढगांमुळे पॅनेल मंदावतात. म्हणून गावाच्या घराला दोन्ही मिळून लावणं शहाणपणाचं. राज्य सरकारच्या महाऊर्जा या संस्थेने अशाच जोड संचांना पूर्वी अनुदान दिलं होतं. सध्या काय उपलब्ध आहे ते त्यांच्या कार्यालयात विचारा. मुलाला वेल्डिंगपासून सगळं हाताने शिकायचं असेल, तर शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम बघून या. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो 1983 मध्ये करून शिकण्यासाठीच सुरू केला.

पण आधी मोजा. घरापासून दूर, उघड्यावर, ताणाच्या तारांनी बांधलेला आणि खाली आडवा करता येईल असा खांब उभारा आणि त्यावर नोंदी साठवणारा वायुवेगमापक लावा. तो मिळेपर्यंत डोळ्यांनी अंदाज घ्या : पानं नुसती सळसळली तर 2-3 मीटर, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहिल्या तर 4-5, धूळ आणि कागद उडायला लागले तर 6 किंवा 7. गावी जे कुणी असतील त्यांना सकाळ, दुपार, संध्याकाळ वहीत लिहायला सांगा. पूर्ण वर्षाची सरासरी 5 मीटरच्या आसपास आली, तर मोठ्या, 2 मीटरच्या यंत्राचा विचार करा. ती 3 च्या आसपास राहिली, तर मुलाने केलेलं लहान यंत्र तिथं लावा आणि बाकीची वीज पॅनेलवर घ्या.