‘मागेल त्याला काम’ आणि द्राक्षमळ्याचा दाखला



मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण दर तीन वर्षांनी सामान्य काळातील पंचविसाव्या रविवारी मिस्सामध्ये ऐकतो. त्यावरचे चिंतन बहुधा मजुरीपाशी थांबते. दिवसभर उन्हात राबलेल्याला एक दीनार आणि तासभर काम केलेल्यालाही एकच दीनार, हे कसे? पण त्याआधी एक गोष्ट घडते. दिवस मावळायला तासभर उरला असताना मालक पुन्हा बाजारात जातो, तेव्हाही माणसे तिथे उभीच असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे तो विचारतो. आम्हांला कोणी कामावर बोलावलेच नाही, असे ते सांगतात. ही माणसे आळशी नव्हती. आळशी माणूस संध्याकाळपर्यंत नाक्यावर थांबत नाही, तो केव्हाच घरी जातो.

वसईत असा नाका पाहायला लांब जावे लागत नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबे भाताची कापणी-झोडणी आटोपली की कच्च्याबच्च्यांसह इकडे उतरतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, कोणी आपल्याच वाड्यांमध्ये. या माणसांना त्यांच्या गावाजवळ काम मिळावे, आणि तेही कोणाच्या मेहेरबानीने नव्हे तर हक्काने, हा विचार प्रथम आपल्या महाराष्ट्रातच कायद्यात उतरला. याची माहिती आपल्यापैकी अनेकांना नसते, म्हणून हा अभ्यास.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही योजना मांडली. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना खडी फोडणाऱ्या बायका आणि सुकडीच्या रांगा आठवत असतील. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. एवढ्या भीषण दुष्काळातून महाराष्ट्र तरला, त्यात या कामांचा मोठा वाटा होता. दुष्काळ सरला तरी योजना बंद झाली नाही. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ हे तिचे ब्रीद. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि १९९० पासून फळबागा अशी कामे त्यातून झाली. खोटी मस्टरे भरून पैसे खाणारेही निघाले, हे लपवण्यात अर्थ नाही.

यासाठी पैसा कुठून आला? मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांनी आपली पगाराची स्लिप काढून पाहावी. त्यावर ‘पी. टी.’ म्हणून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले बहुतेकांना दिसतील. हा व्यवसाय कर १९७५ साली या योजनेसाठी लावण्यात आला. शहरातल्या कमावत्या माणसाने खेड्यातल्या बिनकामाच्या माणसासाठी वाटा द्यायचा आणि करातून जितके जमेल तितकीच भर सरकारने घालायची, असा तो हिशेब होता. कपात पाहून आपण कुरकुरतो, पण ती कशासाठी सुरू झाली हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

महाराष्ट्राचा हा अनुभव समोर ठेवून संसदेने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत त्याची सुरुवात झाली आणि २००८ पर्यंत तो देशभर पोचला. २००९ साली त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. ग्रामीण भागातील प्रत्येक कुटुंबाला वर्षाला १०० दिवस अंगमेहनतीचे काम, शक्यतो पाच किलोमीटरच्या आत, ठेकेदार नाही, आणि निदान एक तृतीयांश कामकरी स्त्रिया, अशा त्यात तरतुदी होत्या. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागे. कोविडच्या २०२०-२१ या वर्षात शहरांतून पायी परतलेल्या माणसांनी याच कायद्याचा आधार घेतला. त्या वर्षी साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांना यातून काम मिळाले.

ख्रिस्तसभेची शिकवण इथे काय सांगते? संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ हे पत्र मानवी श्रमाविषयी लिहिले. मजुराला प्रत्यक्ष कामावर ठेवणारा एक मालक असतो, तसाच एक अप्रत्यक्ष मालकही असतो आणि त्यात शासन प्रमुख आहे, असे त्यांनी दाखवून दिले. काम करू इच्छिणाऱ्याला काम मिळेल अशी व्यवस्था करणे ही त्या अप्रत्यक्ष मालकाची जबाबदारी आहे. काम नसेल तेव्हा दिला जाणारा भत्ताही त्यांनी भिक्षा मानला नाही. जगण्याच्या हक्कातून तो येतो, असे ते सांगतात. जुन्या करारातही हेच दिसते. शेताच्या कडेचे पीक आणि खाली पडलेली कणसे गरिबांसाठी सोडावीत, हा नियम होता. रूथ सरवा वेचायला गेली ती त्या नियमाच्या आधारावर, आणि तिने स्वतः वाकून ती कणसे वेचली.

मजुरीच्या बाबतीत तर पवित्र शास्त्र फारच कडक आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराचे पैसे सूर्य मावळण्यापूर्वी द्या, अशी आज्ञा आहे. २००५ च्या कायद्याने १५ दिवसांची मुदत दिली आणि तीही कितीतरी ठिकाणी पाळली गेली नाही. उशीर झाला तर भरपाई होती. ती दिवसाला ०.०५ टक्के, म्हणजे हजार रुपये अडकले तर दिवसाला पन्नास पैसे! मग मोखाड्याचा माणूस हमीचे काम सोडून भट्टीमालकाची उचल घेतो, यात नवल काय?

आपल्या वाडीवाल्यांची तक्रारही आम्ही ऐकतो. सरकारने कामे काढली की लावणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी वाढवून मागतात. तक्रार खोटी नाही. भाजीला भाव नसताना मजुरी वाढली की शेतकऱ्याचे कंबरडे मोडते. पण मजुराला ‘नको’ म्हणण्याची सोय प्रथमच मिळाली, हाही त्याचाच दुसरा अर्थ आहे. दाखल्यात आपण स्वतःला मजुरांच्या जागी पाहतो. खरे तर वाडीत आपण मालकाच्या जागी असतो.

हा प्रश्न आता नव्याने पुढे आला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० वरून १२५ केले आहेत, हे स्वागतार्ह आहे. परंतु पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. पूर्वी मजुरीचा सारा खर्च केंद्र सरकार करी. आता बहुतेक राज्यांना ४० टक्के वाटा उचलायचा आहे, आणि केंद्राने ठरवून दिलेल्या रकमेपुढचा खर्च राज्यानेच करायचा आहे. काम मागणारे वाढले आणि रक्कम संपली, तर शेवटच्या घटकेला उभा असलेल्या माणसाला काय मिळणार? आमच्या मते दिवस किती यापेक्षा याच प्रश्नाकडे लक्ष ठेवायला हवे.

आपल्या वाडीत किंवा इमारतीच्या कामावर येणाऱ्या कुटुंबांना दोन गोष्टी विचाराव्यात: गावी जॉबकार्ड आहे का, आणि कामाची मागणी लेखी केली होती का. आजवर बहुतेकांची मागणी तोंडीच राहिली. हातात तारखेची पोच नसली की बेकारी भत्त्याचा दावा उभाच राहत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना अर्ज लिहून द्यावा, आणि ग्रामपंचायतीची तारीख-शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, असे आवर्जून सांगावे.