पोथी मिटल्यावरचा पाठ

परीक्षांचे दिवस जवळ आले की देवळाच्या सभामंडपात एक तक्रार नित्य कानी येते. "मूल रात्री उशिरापर्यंत वाचीत बसते, परंतु उत्तरपत्रिकेत काही उतरत नाही, त्याचे डोकेच मंद असावे," असे आईबाप म्हणतात आणि ते मूल शेजारी उभे राहून हे शब्द ऐकत असते. मंदपणाचा असा निकाल देण्यापूर्वी मुलाचे अध्ययन कोणत्या रीतीने चालले आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखकास याचा स्वानुभव आहे. मुंज झाल्यावर ती. वडिलांनी मला रुद्राची संथा दिली; ती आजही अस्खलित येते. परंतु त्याच मला नववीच्या सहामाही परीक्षेत इतिहासात अनुत्तीर्ण व्हावे लागले. धडा पाच वेळा वाचला होता, ओळींखाली रेघाही ओढल्या होत्या. प्रश्नपत्रिका हाती आली तेव्हा पानावर चित्र कोठे होते ते आठवले. उत्तर मात्र आठवले नाही. वडिलांनी रागे न भरता पुस्तक मागून घेतले, ते मिटले आणि म्हणाले, "आता तू सांग, मी ऐकतो." माझ्या मुखातून तीन वाक्येही धड निघेनात. दोष बुद्धीचा नसून रीतीचा आहे, हे त्या दिवशी उमगले.

संथेची रीत आठवून पाहावी. गुरू चरण म्हणतात, शिष्य तो दोनदा म्हणतो. पुढील पाठ देण्यापूर्वी मागील पाठ पोथीविना म्हणवून घेतला जातो व जेथे चूक होईल तेथेच ती सुधारली जाते. पुढे क्रम, जटा, घन इत्यादी पाठांत तीच पदे निराळ्या रचनेने म्हणावयाची असल्यामुळे केवळ जिभेच्या सवयीवर निभावत नाही. मनाला जागे राहावेच लागते.

आधुनिक मानसशास्त्र निराळ्या मार्गाने याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचे मापन केले व ते १८८५ साली प्रसिद्ध केले. एक दिवस लोटल्यावर तेच समूह पुन्हा पाठ करताना मूळ श्रमांपैकी सुमारे एक-तृतीयांशच श्रम वाचतात, असे त्यास आढळले. सारांश, विसरणे हा मनाचा स्वभावच आहे. आवृत्ती एकाच बैठकीत न करता काही दिवसांच्या अंतराने केली असता ती अधिक टिकते, हेही त्याने दाखविले.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने तो एकाच सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. परंतु आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर स्मरला. विशेष हे की, आपल्याला अधिक आठवेल असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता! ओळखीचे वाटणे आणि येणे या दोन गोष्टी भिन्न होत.

हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २१ वैदिक पंडितांच्या मेंदूंची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर व्यक्तींपेक्षा पंडितांच्या मेंदूतील भाषा व स्मरण यांच्याशी निगडित काही भागांत करड्या द्रव्याचे प्रमाण अधिक आढळले. तथापि हा भेद पठणानेच उत्पन्न झाला, की मूळचाच होता, याचा निर्णय अशा एका तुलनेने होत नाही. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगतानाही सत्याची मर्यादा सोडू नये.

आणखी एक सावधगिरी हवी. अर्थ न जाणता पाठ करणाऱ्यास निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आहे. म्हणून मुलाने पुस्तकातील शब्द जसेच्या तसे न म्हणता आपल्या शब्दांत अर्थ सांगावा.

सुरतेतील आपल्या कुटुंबांना हे विशेष उपयोगी आहे. अनेक घरांतील मुले गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि आईबाप म्हणतात, "आम्हांस ती भाषा येत नाही, आम्ही काय शिकविणार?" परंतु माझ्या वडिलांनाही तो इतिहास ठाऊक नव्हता. त्यांनी शिकविले नाही; त्यांनी ऐकले. सायंकाळी शुभंकरोती झाल्यावर दहा मिनिटे मुलाजवळ बसावे. पुस्तक मिटावे. "आज काय शिकलास, मला मराठीत सांग," असे म्हणावे. अडखळल्यास लगेच रागावू नये. थोडे आठवू द्यावे. मग त्यानेच पुस्तक उघडून आपली चूक शोधावी. तोच धडा दुसऱ्या दिवशी, पुढे चार दिवसांनी व पुन्हा आठवड्याने विचारावा.

याने सर्वच अडचणी दूर होतील असे नव्हे. अक्षरवाचनच कष्टाचे जात असेल किंवा फळ्यावरचे दिसत नसेल, तर त्या मुलास तज्ज्ञांस दाखवावे. झोपेत काटछाट करून जागरण मुळीच करवू नये.

त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत मी इतिहासात उत्तीर्ण झालो. गुण बेताचेच होते, परंतु मंद हा शब्द माझ्या घरात कधी उच्चारला गेला नाही, हे ऋण मी अधिक मोलाचे मानतो. आपल्या घरीही तो उच्चारण्यापूर्वी एकवार पुस्तक मिटून मुलाचे ऐकावे, एवढीच विनंती. इत्यलम्.