तांब्याचं बूड गोल कसं?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. पूर्वी दिवसाला चार-चार चित्रं काढायची. दीड वर्षापासून चित्रकलेच्या क्लासला जाते, तर आता निम्मा वेळ खोडरबरच चालतो आणि वर ‘मला येतच नाही’ म्हणते. क्लासमुळे तिचा हात बिघडला का?
– एक आई, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : पैसे भरून उलटी प्रगती, असा तुमचा हिशेब दिसतो! पण आधी तिची जुनी वही काढा.

त्यात कोपरी पुलाचं चित्र असेल, तर पूल बाजूने दिसेल, खालचे रूळ मात्र शिडीसारखे उभे, जणू वरून पाहिलेले. लोकलच्या पत्र्यातून आतली माणसंही दिसतील. लहान मूल डोळ्यांना दिसतं ते नव्हे, मनाला ठाऊक असतं ते काढतं. गाडीत माणसं असतात, मग ती दाखवायला नकोत? झॉर्ज-आंरी ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ मध्ये हाच फरक मांडला होता.

नवव्या वर्षाच्या आसपास मुलांना आपलं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहावंसं वाटू लागतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात या टप्प्याची दखल घेतली आहे. डोळा पुढे जातो, हात मागे राहतो आणि मधल्या अंतरात खोडरबर फिरतो. क्लासला न जाणाऱ्या मुलांचंही हेच होतं. त्यातली बरीच मग चित्रं काढणंच सोडतात.

क्लासचं काम इथे सुरू होतं. स्टुलावर तांब्या ठेवून मुलांना काढायला सांगा. तोंड लंबगोल काढतील, बूड मात्र पट्टी लावल्यासारखं सरळ. कारण तांब्या सपाट जागेवर बसतो, हे त्यांना ठाऊक असतं. प्रत्यक्षात बुडाची कडाही गोलाईत दिसते. शिवाय ती नजरेपासून जास्त खाली असल्याने तिची गोलाई तोंडापेक्षा अधिक भरते. हे एकदा दिसलं की बादली, कुंडी, डबा सगळंच सुधारतं. ‘हात जन्मजात असावा लागतो’ म्हणतात, पण इथे आधी नजर तयार होते.

दुसरा गैरसमज स्वच्छ रंगकामाचा. फळ्यावरचं चित्र उतरवून सरांनी शेवटचा हात फिरवला, तर फ्रेम छान होते. मूल तिथेच राहतं. क्लासमध्ये एवढंच चालत असेल, तर तुमची तक्रार रास्त. एलिमेंट्री-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची घाईही नको. त्या परीक्षांत वस्तुचित्राचा पेपर असतो, म्हणजे गाठ पुन्हा तांब्याशीच!

प्रगती पाहायची, तर घरातली एकच वस्तू आज आणि सहा महिन्यांनी काढून घ्या, तारीख घाला. खोडरबर हिसकावू नका. पेन्सिल हलकी धरायला सांगा आणि एकच नियम घाला : बरोबर रेघ शेजारी उमटेपर्यंत चुकलेली पुसायची नाही. चूक समोर असली, तरच कुठे सरकायचं ते कळतं.