अखेरच्या वर्षाचे गुण आणि हातचा प्रवेश

(द्वितीय वर्ष, कला)

‘प्रवेश मिळाला’ आणि ‘प्रवेश निश्चित झाला’ ही दोन वाक्ये कानाला सारखीच वाटतात. परंतु त्यांच्यात एका गुणपत्रिकेचे अंतर आहे. प्रवेश परीक्षेच्या यादीत नाव आले की घरी पेढे वाटले जातात, शेजारीपाजारी अभिनंदनाला येतात. पण बारावीच्या किंवा पदवीच्या अखेरच्या वर्षाला ठराविक गुण मिळाले तरच हा प्रवेश टिकेल, ही अट कोणी मोठ्याने वाचत नाही. ही अट काय आहे, ती का घातली गेली आणि ती न्याय्य केव्हा ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम अटीचे स्वरूप पाहू. आय. आय. टी. च्या प्रवेशासाठी जे. ई. ई. मधील क्रमांक पुरेसा नाही. बारावीला पाच विषयांत मिळून ७५ टक्के गुण, अथवा आपापल्या मंडळातील यशस्वी विद्यार्थ्यांपैकी पहिल्या २० टक्क्यांत स्थान असावे लागते. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही मर्यादा ६५ टक्के आहे. म्हणजे ५०० पैकी ३७५ गुण हवेत. या पाचांत एक भाषा विषयही असतो, हे विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे! राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी खुल्या गटाला पदार्थविज्ञान, गणित व रसायनशास्त्रासारखा तिसरा विषय मिळून ४५ टक्के, तर राखीव गटांना ४० टक्के लागतात. ३०० पैकी १३० गुण मिळालेला खुल्या गटातील विद्यार्थी सी. ई. टी. त कितीही पुढे असला तरी अपात्रच ठरतो.

येथे ‘टक्के’ आणि ‘पर्सेंटाइल’ यांचा घोळ होतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्या शंभरांपैकी सुमारे पंच्याण्णव जण आपल्या बरोबरीचे वा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पर्सेंटाइल आपली इतरांशी तुलना करते. टक्केवारी आपल्याला विषय किती आला ते सांगते. प्रवेशाला दोन्ही लागतात.

कला शाखेचे आपण विद्यार्थी म्हणू, की हा प्रश्न विज्ञानवाल्यांचा! तसे नाही. पदवीनंतर तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला जायचे तर पदवीला ४५ टक्के लागतात. इतर मागासवर्गीयांना ४२ व अनुसूचित जाती-जमातींना ४०. बी. एड. साठी ५० टक्के, राखीव गटांना ४५. दोन्हींच्या सी. ई. टी. ला तृतीय वर्षाचा विद्यार्थी निकालापूर्वी बसू शकतो. सी. ई. टी. उत्तम गेली आणि तृतीय वर्षात एक विषय राहिला, तर यादीतले नाव कागदावरच राहते.

आता कारणांकडे वळू. अट घालणाऱ्यांचा हेतू असा, की तीन तासांच्या एका परीक्षेसाठी दोन वर्षांचा अभ्यास ओस पडू नये. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवसभर मुक्काम खाजगी क्लासमध्ये, हे चित्र आपल्या नवी मुंबईला नवीन नाही. त्याला आळा घालण्यासाठी २०१८ साली राज्य शासनाने मुंबईसह काही विभागांत विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. हजेरीने जे साधायचे, तेच गुणांच्या अटीने साधायचे आहे. करोनामुळे २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे ७५ टक्क्यांची अट शिथिल होती. २०२३ साली ती परत आली तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने अट काढण्यास नकार दिला.

मग ही अट सर्वस्वी न्याय्य म्हणावी काय? माझ्या मते ती दोन गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली म्हणजे गुण देणारी यंत्रणा विश्वासार्ह हवी. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकीय तपासणी एकदम सर्व शाखांना लागू केली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या. कुलपती या नात्याने राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल आणखी लांबले आणि पुढील शिक्षणाचे प्रवेश खोळंबले. त्या वर्षी ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावे लागले; पण विद्यार्थ्यांचा गेलेला वेळ कोण परत देणार? २०२० साली इंग्लंडमध्ये परीक्षाच झाल्या नाहीत. शिक्षकांनी दिलेल्या अंदाजी श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के श्रेणी एका गणिती सूत्राने खाली आणल्या. तेथे विद्यापीठे आधी सशर्त प्रवेश देतात व निकालानंतर तो पक्का करतात; त्यामुळे हजारोंचे प्रवेश धोक्यात आले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चारच दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारने शिक्षकांच्या श्रेणी मान्य केल्या. अट तीच होती; वजनकाटा मात्र बिघडलेला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे अट विद्यार्थ्याला वेळेवर कळली पाहिजे. ज्यांच्या घरी वडील, काका, मोठी बहीण पदवीधर आहेत, त्यांना हे जेवताना गप्पांतून कळते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहणाऱ्या बापाला किंवा सिडकोने जमीन घेतलेल्या गावातल्या आईला ‘पात्रता निकष’ कोणी समजावून सांगायचे? त्यांना वाटते, नाव लागले म्हणजे काम झाले. अशा घरातील मुलाचा प्रवेश गेला, तर तो अभ्यासात कमी पडला म्हणून गेला की माहितीत कमी पडला म्हणून, हे गुणपत्रिका सांगत नाही.

उपाय अगदीच नाहीत असे नव्हे. मुंबई, ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांची बारावी सांभाळणारे विभागीय मंडळ आपल्या वाशीतच आहे. निकालानंतर गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत घेऊन पुनर्मूल्यांकन मागता येते, नापासांसाठी पुरवणी परीक्षा आहे आणि उत्तीर्णांना श्रेणीसुधाराची संधी आहे. विद्यापीठातही पुनर्मूल्यांकनाची सोय आहे. मात्र प्रत्येक अर्जाला मुदत असते, आणि प्रवेशाच्या फेऱ्या बहुधा आपल्यासाठी थांबत नाहीत. पुनर्मूल्यांकनात गुण वाढतात तसे घटूही शकतात. म्हणून हे उपाय औषधासारखे जवळ ठेवावेत; त्यांच्या भरवशावर आजारी पडू नये.

आपल्या महाविद्यालयापुरते एक सुचवावेसे वाटते. तृतीय वर्षाच्या आरंभीच, जूनमध्ये, विधी, बी. एड. व एम. ए. प्रवेशाच्या गुणांच्या अटी आणि अर्जांच्या मुदती सूचना फलकावर मराठीतून लावाव्यात, आणि प्राध्यापकांनी एक तास देऊन त्या वर्गात वाचून दाखवाव्यात. खर्च एका कागदाचा आहे. अभ्यास ज्याचा त्यालाच करावा लागेल, त्यात सवलत कोणी मागत नाही. परंतु उंबरठा किती उंच आहे हे आधी सांगितले, तर ठेच लागून पडणारे निदान निम्म्याने कमी होतील असे मला वाटते.