मांसपदार्थांतील गव्हाचा शोध

सॉसेज, मीटबॉल, कटलेट यांसारख्या तयार मांसपदार्थांत गहू असेल, अशी शंका सामान्य ग्राहकास सहसा येत नाही. परंतु खिमा एकजीव राहावा व त्यातील पाणी सुटू नये, म्हणून त्यात गव्हाचे पीठ किंवा पावाचा चुरा मिसळण्याची पद्धत आहे. बहुसंख्यांना त्यापासून अपाय होत नाही. मात्र गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांच्या अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, प्रसंगी प्राणावरही बेतते. सीलिॲक या वेगळ्या विकारात ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराची हानी होते. दोन्ही प्रकारच्या रुग्णांचा आधार एकच : वेष्टनावरील माहिती. ती पडताळण्याचे कार्य प्रयोगशाळा करतात.

पिष्ट नव्हे, प्रथिन

आयोडिनची कसोटी शिक्षकांच्या परिचयाची आहे. निळा रंग आल्यास पिष्ट असल्याचे समजते. पण ते गव्हाचे की बटाट्याचे, हे कळत नाही. शिवाय अपाय होतो तो प्रथिनामुळे. म्हणून ‘एलायझा’ ही पद्धत प्रामुख्याने वापरतात. तिच्यात बारीक खळग्यांच्या तबकडीवर विशिष्ट प्रतिपिंडे बसविलेली असतात. नमुन्याच्या अर्कातील ग्लिआडिन हा ग्लूटेनचा घटक त्यांना चिकटतो. नंतर विकरयुक्त प्रतिपिंडांच्या साहाय्याने रंग उमटतो. रंग जितका गडद, तितके ग्लिआडिन अधिक. ‘पीसीआर’ पद्धतीत गव्हाच्या डीएनएचा शोध घेतात. ती पूरक म्हणून उपयुक्त असली, तरी प्रथिनाचे प्रमाण सांगत नाही.

खरी अडचण अर्काची

शिजविताना उष्णतेने ग्लूटेनच्या रेणूंत नवे बंध निर्माण होतात आणि ते नुसत्या जलमिश्रित अल्कोहोलात पुरेसे उतरत नाही. परिणामी, गहू असूनही तो कमी भरण्याचा संभव असतो. यास्तव एका प्रचलित पद्धतीत हे बंध सोडविणाऱ्या द्रावणात नमुना ५० अंश सेल्सिअसला ४० मिनिटे ठेवतात व मग ८० टक्के इथेनॉल मिसळून हलवितात. चाचणीस सुमारे पाव ग्रॅमच नमुना लागत असल्याने आधी संपूर्ण पाकिटातील पदार्थ वाटून एकजीव करणे अगत्याचे ठरते. मांस व मसाल्यांचा अडथळा होतो का, हे पाहण्यासाठी गव्हाची ज्ञात मात्रा मिसळलेला नमुनाही सोबत तपासतात.

कायद्याची जोड

भारतातील २०२० च्या लेबलिंग व प्रदर्शन विनियमांनुसार वेष्टित पदार्थातील गव्हासारख्या ग्लूटेनयुक्त धान्यांचा उल्लेख बंधनकारक आहे. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणविण्यासाठी ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. इतकी अल्प मात्रा डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. म्हणूनच अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल, तर अर्क कोणत्या रीतीने काढला, हेही पाहणे इष्ट होय.