खेळण्यांच्या यादीतले दोन रकाने

नाशिक,
जुलैचा दुसरा आठवडा

चि. बाळास,

तुझं पत्र मिळालं. पेठच्या पाड्यावर रेंज नाही म्हणून कागद-पेन घ्यावं लागलं अशी कुरकुर तू केली आहेस, पण मला त्यात फायदाच दिसतो. फोनवर तू घाईघाईने विचारलं असतंस आणि मीही घाईघाईने सांगून मोकळी झाले असते.

तुझ्या शाळेतल्या वर्गाला खेळणी घ्यायला पैसे मिळाले, हे छानच झालं. कोटंबीचा घाट ओलांडून तू नाशिकला येणार, त्याआधी यादी पक्की हवी, हेही बरोबर. यादीचा कागद मी दोनदा पाहिला. मधोमध पट्टीने रेघ मारली आहेस. डावीकडे ‘मुलगे’: बॅट-बॉल, ट्रॅक्टर, ठोकळे, नट-बोल्टची गाडी, भिंग, लोहचुंबक. उजवीकडे ‘मुली’: बाहुल्या, भातुकली, मणी ओवायची पेटी. आणि त्याखाली ‘मुलींसाठी आणखी काही सुचत नाही, आत्या, तू सांग.’

बाळ, आधी ती रेघ खोड. न सुचण्याचं कारण तीच आहे.

रागावून लिहीत नाहीये. ही रेघ माझ्याही हाताने मारली गेली आहे, ते पुढे सांगते. त्याआधी तुझ्या बाबांची एक गोष्ट ऐक. त्यांनी ती तुला नक्कीच सांगितली नसणार.

आमच्या लहानपणी नाशिकच्या भांडी बाजारातून माझ्यासाठी पितळेची भातुकली आणली होती. तांबट आळीतल्या कारागिरांच्या हातची असावी, कारण त्यातल्या बंबाची तोटी खरोखर फिरायची. तुझ्या बाबांना मिळाली तीन चाकी सायकल. पावसाळ्यात सायकल बाहेर काढता यायची नाही, मग ते यायचे माझ्या स्वयंपाकघरात. मी त्यांना नवरा करायची. आणि भातुकलीतल्या नवऱ्याला काम काय? तर ऑफिसला जाणं. मी त्यांना जिन्याच्या पायरीवर नेऊन बसवायची आणि ‘संध्याकाळ झाली की हाक मारते’ म्हणायची. बिचारे पाच वर्षांचे बाबा हातात रिकामी पिशवी घेऊन त्या पायरीवर बसून राहायचे. आत काय शिजतंय, बंब कसा पेटवतात, जात्यात काय दळतात, हे त्यांना पाहायचं असायचं. एकदा ते मध्येच आत आले तर मीच ओरडले, ‘अजून पाच वाजले नाहीत!’ आत आल्यावर जेवायचं, पुन्हा ऑफिस. घर चालतं कसं, हे त्या खेळात पुरुषाला कळूच द्यायचं नाही, असा जणू नियम होता. तो कोणी शिकवला नव्हता. आम्ही घरात पाहून उचलला होता.

मला हवा होता मेकॅनो. तो शेजारच्या मुलाला होता. मी एकदा आईच्या शिवणयंत्राचा स्क्रू काढून पाहिला, तर पाठीत धपाटा मिळाला. ‘मुलीच्या जातीला असले उद्योग कशाला’ हे वाक्य त्याच दुपारचं.

तू म्हणशील, मुलं आपापल्या आवडीनेच खेळणी उचलतात. थोडंफार खरं असेलही. पण उचलण्याआधी कोणी काय पुढे केलं, ते पाहायला हवं. १९७५ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. तीन महिन्यांच्या बाळाला पिवळे कपडे घातले आणि मोठ्या माणसांना त्याच्याशी खेळायला सांगितलं. समोर एक छोटा फुटबॉल, एक बाहुली आणि चावायची एक कडी. काहींना सांगितलं मुलगा आहे, काहींना मुलगी, काहींना काहीच नाही. बाळ तेच. पण ज्यांना ‘मुलगी’ म्हणून सांगितलं, त्यांनी बाहुली जास्त वेळा पुढे केली. तीन महिन्यांच्या जिवाने त्यात काय आवड दाखवली असेल? आणि रंगांचं म्हणशील तर १९१८ सालच्या अमेरिकेतल्या मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने गुलाबी रंग मुलग्यांना आणि निळा मुलींना शोभतो, असं छापलं होतं. आज बाजारात गुलाबी खोके पाहून तू उजव्या रकान्याकडे वळशील तेव्हा हे आठव.

पण हे झालं दुकानातल्या खेळण्यांचं. तुझ्या पाड्यावर दुकानातली खेळणी आहेत तरी किती? तिथली खेळणी पोरं स्वतः करतात. जुन्या टायरला काठीने हाणत पळणारा, गलोल बनवणारा, मातीचे बैल करून त्यांना शिंगं लावणारा पोरगा तू एव्हाना पाहिला असशील. मुलींचे हात तुला कमी दिसतील, कारण त्या खेळत असल्या तरी आपल्याला ते काम वाटतं, आणि काम करत असल्या तरी ते खेळणं वाटतं. पेठमध्ये शिकवताना मला जे कळायला फार वर्षं लागली ते हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या वर्गात एक सहा वर्षांची मुलगी होती. तिच्याकडे स्टीलची कळशी होती, जेमतेम दीड लिटरची. डोक्यावर चिंधीची चुंबळ, तिच्यावर ती कळशी, आणि आईच्या मागोमाग ठुमकत चालायची. हिवाळ्यात ते पाहून आम्ही शिक्षक कौतुकाने हसायचो. पेठला पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून सगळं वाहून जातं आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, हे तुला मार्चनंतर कळेल. त्या एप्रिलमध्ये मी तिला विहिरीवर रांगेत पाहिलं. कळशी तीच. पण आता तिला कोणी हसत नव्हतं, कारण तिचं दीड लिटर पाणी मोजलं जात होतं. पुढच्या वर्षी कळशी मोठी झाली, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढल्या. तिचं खेळणं कामात कधी मिसळलं, ते तिलाही कळलं नाही.

बाहुलीचंही तसंच. आवणीच्या दिवसांत, म्हणजे अगदी आत्ता, तुझ्या वर्गात कोण येत नाहीये ते बघ. आई चिखलात भाताची रोपं लावत असते, आणि मोठी बहीण बांधावर धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली असते. तिच्या बाहुलीला भूक लागते, शी होते, ताप येतो. तिला तू दुकानातली बाहुली देऊन काय साधणार? तिच्या हातांना सवय नाही ती भिंगाची, लोहचुंबकाची, नुसतं पळण्याची. सावरपाड्याची कविता राऊत तुमच्याच डोंगराच्या पलीकडची, हरसूलकडची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि लोक तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणू लागले. त्या मुलीच्या पायांना पळायला मोकळीक मिळाली. एवढी मोकळीक तुझ्या वर्गातल्या मुलींना रोज तासभर मिळते का, ते पाहा. उजव्या रकान्यात काय लिहू, असं विचारत होतास ना? पहिल्यांदा वेळ लिही.

आता माझी चूक. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी वर्गाची कामं वाटून दिली होती. मुली झाडून घ्यायच्या, सडा घालायच्या, पिण्याचं पाणी भरायच्या. मुलगे घंटा वाजवायचे, फळा पुसायचे, झेंडा बांधायचे. मला ही शिस्त वाटायची. एकदा तपासणीला आलेल्या बाईंनी एका मुलीला विचारलं, ‘तुला शाळेत काय आवडतं?’ ती म्हणाली, ‘घंटा.’ ती घंटा तिने कधी हातात घेतलीच नव्हती. तो शब्द अजून माझ्या कानात आहे. दुसऱ्या दिवसापासून मी पाळ्या लावल्या. पहिल्या आठवड्यात मुलग्यांनी झाडलेला वर्ग पाहण्यासारखा होता, सगळा कचरा दाराच्या मागे!

मग तुझ्या पत्राच्या शेवटचा मुद्दा, जो तू ओझरता लिहिला आहेस आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक मुलगा चिंध्यांची बाहुली करून दप्तरात ठेवतो, पोरं त्याला ‘बायल्या’ म्हणतात, आणि त्याच्या वडिलांनी येऊन तुला ‘हे बंद करा’ असं बजावलं. आता काय करू, असं तू विचारतोस.

तू अजून बोहाडा, म्हणजे तिकडचा सोंगांचा उत्सव, पाहिलेला नाहीस. उन्हाळ्यात कुठे असला तर रात्र जागून पाहा. टेंभ्यांचा उजेड, संबळाचा ठेका, आणि एकामागून एक सोंगं येतात. जगदंबेचं सोंग येतं तेव्हा लुगडं नेसलेला, हातात बांगड्या भरलेला, तोंडावर भला मोठा मुखवटा बांधलेला जो असतो, तो दिवसा नांगर धरणारा बाप्या असतो. मी अगदी पुढे बसून पाहिलंय. मुखवट्याच्या कडेखाली त्याची दाढीची खुंटं दिसत होती, मानेवरून घाम ओघळत होता, आणि बायका त्याच्या पायांवर पोरं घालत होत्या. कोणी हसलं नाही. सोंगाचा मान घराण्याकडे असतो, तो मिळाला तर अभिमान वाटतो. ज्या मातीत पुरुषाने देवीचं लुगडं नेसणं हा मान आहे, तिथे सात वर्षांच्या पोराने चिंध्यांना लुगडं नेसवलं तर आभाळ कोसळत नाही. (देवीचं सोंगसुद्धा पुरुषानेच घ्यायचं, मुलींनी ते पाहायचं, हा भाग आहेच. तो विसरू नकोस. पण ते भांडण वेगळं.)

वडिलांना हे असंच्या असं सांगायला जाऊ नकोस. नव्या गुरुजीने पाड्यावर येऊन भाषण दिलं की माणसं मान डोलावतात आणि घरी जाऊन पोराची बाहुली चुलीत घालतात. त्यांच्या ओट्यावर बस, चहा घे. दिंडोरीकडे द्राक्षाच्या हंगामात मजुरीला गेल्यावर भाकरी कोण थापतं, हे गप्पांच्या ओघात विचार. एकटे गेलेले बाप्ये स्वतःच थापतात, आणि बरी थापतात. मग दुसरीचं बालभारती दाखव. २०१९ च्या आवृत्तीत आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडत बसल्याचं चित्र आहे. पुस्तकात छापलेल्या गोष्टीला गावात अजून वजन आहे, त्याचा उपयोग कर. वर्गात त्या मुलाला शिक्षा नको आणि कौतुकाचा सोहळाही नको. पपेटचं नाटक बसव आणि बाहुल्या करायचं काम त्याला दे. ज्याच्या हातात कसब आहे त्याला पोरं फार दिवस चिडवत नाहीत.

आणि कदाचित तो मुलगा पुढे खरंच चारचौघांपेक्षा वेगळा निघेल, ही वडिलांच्या मनातली न बोललेली भीती आहे. बाहुलीने तसं कोणी होत नाही, आणि बाहुली हिसकावून कोणी बदलत नाही. हिसकावल्याने एवढंच होतं की, आपलं मन या माणसांपुढे उघडायचं नाही, हे पोर शिकतं.

याचा उलटा हट्टही करू नकोस. आमच्या शेजारच्या सुशिक्षित जोडप्याने मुलीच्या सगळ्या बाहुल्या काढून टाकल्या आणि तिला क्रेन, डंपर आणून दिले. पोरीने डंपरला पांघरूण घालून थोपटून झोपवलं. मला फार हसू आलं. १९७४ साली ठोकळ्यांच्या लेगो कंपनीने खेळण्याच्या खोक्यातून पालकांना एक चिठ्ठी पाठवली होती. तिचा भाव असा, की मुलगा बाहुलीचं घर बांधेल, मुलगी अवकाशयान बांधेल, तुम्ही सामान हातात द्या आणि बाजूला व्हा. पुढे त्याच कंपनीने २०१२ साली मुलींसाठी वेगळी, फिक्या गोड रंगांची मालिका काढली, तो भाग सोड. कंपन्यांचं पोट दोन रकान्यांवर जास्त भरतं.

सामान हातात देऊन बाजूला होण्याचं हे काम आपल्याकडे कमी पैशांत आणि जास्त डोक्याने झालं आहे. पेठपासून फार लांब नाही, डहाणूकडचं कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी बालवाडी चालवली. विकतची साधनं परवडत नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच कुरणात नेली. बी आणि खडा यांना मुलगा-मुलगी माहीत नसतं. तू नाशिकला येण्याआधी पोरांना घेऊन ओढ्यावर जा आणि पिशवीभर असं सामान गोळा कर. मग तुझी यादी आपोआप अर्धी होईल.

उरलेल्या पैशांत भिंगं आठ घे, लोहचुंबक घे, नट-बोल्टचा एक संच घे, चेंडू घे आणि दोरी घे. बाहुल्या चिंध्यांच्या करवून घे, वर्गातच. ट्रॅक्टर एकच घे, त्यावरून भांडणं होतील ती होऊ देत. सगळं एका पेटीत ठेव आणि पेटीवर कोणाचं नाव लिहू नकोस. सुरुवातीला मुलगे आधी हात घालतील आणि मुली मागे उभ्या राहतील. पहिले दोन आठवडे तू काही न बोलता नुसता पाहा आणि वहीत लिहून ठेव, कोणी काय घेतलं, किती वेळ. धाकट्याला घेऊन आलेल्या मुलीला पेटीपर्यंत पोचायला कडेवरचं पोर कोणाकडे तरी द्यावं लागेल. ते पोर तू घे. गुरुजींच्या कडेवर बाळ ही गोष्टही वर्ग पाहील.

भातुकली मात्र विकत घेऊ नकोस. माझी पितळेची पेटीत तशीच पडून आहे, ती देते. बंबाची तोटी अजून फिरते. जात्याचा खुंटा निखळलाय, तो तुझ्या बाबांकडून बसवून घे. त्यांनाही ते जातं आतून कसं आहे ते पाहायचं होतं.

तुझी,
आत्या